सुकाणूचा दांडा खेळतोय? शिडाची बोट ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत शिडाची बोट बाळगणाऱ्यांकडून सुकाणूबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. डोळ्यासमोर धरली आहे ती फायबरची, २५ ते ४५ फुटांची, केबिनवाली बोट. पाण्यातल्या पात्याला जोडलेला सुकाणूचा दांडा तळातल्या नळीतून वर येतो आणि वर एक, खाली एक अशा दोन बुशांत (दांड्याला धरणाऱ्या पोकळ नळकांड्यांत) फिरतो, अशी तिची रचना.

एक गोष्ट आधीच सांगतो. ढिलाई म्हटलं की सगळे थेट बुशावर जातात. बहुतेक वेळा दोष बुशाचाच असतोही. पण तेवढ्यावर विसंबून बुश बदलला आणि खरी ढिलाई नळीच्या मुळाशी किंवा पात्याच्या पोटात निघाली, तर पैसे गेले आणि धोका जागच्या जागी राहिला. काय हलतंय ते आधी शोधा, मग पाना हातात घ्या.

नांगरावर रात्री पाठीमागून 'ठक ठक' ऐकू येतं. ते सुकाणूच असेल का?

बहुधा तेच. वारा पडलेला, खाडीच्या तोंडातून लांब लाट आत येतेय आणि बोट आडवी झुलतेय, अशा वेळी पातं या बाजूचं त्या बाजूला पडतं आणि दांडा बुशावर आपटतो. आवाज बोजड असतो. मागच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) झोपलेल्याला तो कानाआधी उशीतून जाणवतो.

टिलर (सुकाणू फिरवायची आडवी मूठ) मधोमध आणून दोन्हीकडून दोरीने ताणून बांधा. चाक असेल तर ब्रेक लावा. आवाज थांबला, तर मोकळं सुटलेलं सुकाणूच झोके घेत होतं. थांबला नाही, तर दांडा जिथे वर उघडा दिसतो तिथे हात ठेवा. टिलर स्थिर असून दांडा हाताखाली किंचित फिरतोय असं लागलं, तर टिलरचं डोकं किंवा चावी (टिलर दांड्यावर न घसरता धरणारी पाचर) ढिली आहे. चाकाच्या बोटीत क्वाड्रंटच्या (दांड्यावर बसवलेल्या, तारांनी ओढल्या जाणाऱ्या कमानीच्या) ताराही पाहा. दांडा फिरत नाही, पण आडवा धक्का देतोय, तर बुशाकडे वळा. सुकाणू बांधून ठेवायची सवय तशीही चांगली. नांगरावर रात्रभर आपटण्यात बुश जितका झिजतो, तितका चालत्या बोटीत झिजत नाही.

थोडा प्ले (मोकळीक) तर हवाच ना? किती चालतो?

हवाच. ५० मिलिमीटर जाडीच्या दांड्याला प्लास्टिकच्या बुशात पाव ते अर्धा मिलिमीटर मोकळीक ही रोजची गोष्ट आहे. गोंधळ होतो तो पात्याच्या टोकाशी, कारण तिथे ही ढिलाई मोठी होऊन दिसते. समजा, दोन बुशांमध्ये ६०० मिलिमीटर अंतर आहे, पातं खालच्या बुशाखाली १२०० मिलिमीटर जातं आणि दोन्ही बुशांत अर्धा मिलिमीटर मोकळीक आहे. पात्याचं टोक या कडेपासून त्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटर हलेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तेच टोक १० मिलिमीटर हलत असेल, तर बुशात सुमारे २ मिलिमीटर जागा झाली आहे आणि काम काढायची वेळ आली आहे.

एकदाच घेतलेल्या मापापेक्षा दरवर्षीचं माप जास्त बोलतं. मे महिन्यात बोट वर आली की टोकाची हालचाल मोजून बोटीच्या वहीत लिहा. वर्षानुवर्षं ३ मिलिमीटर असेल तर राहू द्या. गेल्या वर्षी ३ आणि यंदा ७ असेल, तर कारण शोधल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नका.

नक्की काय हलतंय हे कसं ओळखायचं?

या कामाला दोन माणसं लागतात. बोट स्टँडवर असताना एकाने खाली उभं राहून पात्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरायचं आणि आडवं हलवायचं. मोठे हेलकावे नकोत, छोटे आणि ठाम धक्के हवेत. दुसऱ्याने टॉर्च घेऊन मागच्या लॉकरमध्ये शिरायचं. आतल्या माणसाने डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवावा. बोटाचं टोक सांध्यावर असं ठेवायचं की अर्धं दांड्यावर आणि अर्धं बुशावर येईल. डोळ्याला न दिसणारी पाव मिलिमीटरची सरक बोटाच्या कातडीला लगेच कळते.

आधी दांडा आणि बुश. इथे सरक लागली तर साधी झीज. मग बोटाचं टोक अर्धं बुशावर, अर्धं नळीवर. इथे लागली तर बुश नळीत सैल बसलाय आणि नवीन बुश करताना बाहेरचं मापही बदलावं लागेल. त्यानंतर नळी जिथे तळाला आणि वर डेकला जोडली आहे ते सांधे. तिथे केसासारखी भेग, रंगाचे पोपडे किंवा सुकलेल्या मिठाची पांढरी रेघ दिसली, तर बुशाचा विचार बाजूला ठेवा. नळीच हलतेय. जात्याचा खुंटा ढिला झाला तर वरची तळी बदलून काय उपयोग? तसंच हे.

आता खाली या. वरच्या माणसाला टिलर किंवा क्वाड्रंट घट्ट धरायला सांगा आणि पातं फिरवून पाहा. दांडा जागेवर आणि पातं थोडं फिरतंय, तर पात्याच्या पोटात दांड्याला जोडलेल्या पट्ट्यांचं वेल्डिंग सुटलंय. हा सगळ्यांत वाईट निकाल. बोट पाण्यात असताना तो ओळखणं कठीण, म्हणून बाहेर काढल्यावर ही एक चाचणी चुकवू नका.

शेवटी पातं खालून वर उचलून पाहा. एक-दोन मिलिमीटर उचललं जातं, ते चालतं. जास्त उचललं जात असेल, तर वरची कॉलर (दांड्याला वर अडकवून धरणारं कडं) किंवा तिच्याखालचा वॉशर झिजलाय. समोरच्या लाटेत तोही आवाज करतो. स्केगवर (तळाला मागे असलेल्या, सुकाणूला आधार देणाऱ्या पंखावर) बसलेलं सुकाणू असेल, तर स्केगला हात लावून स्वतः स्केगच हलत नाही ना, तेही पाहा.

बोट वर न काढता हे सगळं करता येईल का?

अर्धवट. वरचा बुश, नळीचा वरचा सांधा, टिलरचं डोकं हे नांगरावर बसून कळतं. खालचा बुश पाण्यात उतरून पाहायचा म्हटलं, तर सावित्री किंवा वाशिष्ठीच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसायची मारामार. तोच गाळ आणि बारीक वाळू खालच्या बुशात शिरून त्याला पॉलिश पेपरसारखी घासते. खाडीत आत राहणाऱ्या बोटींचा खालचा बुश वरच्यापेक्षा आधी जातो, तो यामुळे.

मग ओहोटीला कोरडी करून तपासता येईल?

लांब कील (तळाखाली उतरलेला उभा कणा) असलेली किंवा दोन कीलांची बोट असेल तर जरूर. एकाच खोल, अरुंद कीलची बोट धक्क्याच्या भिंतीला नीट टेकवून आणि डोलकाठीवरून दोर घेऊन बांधल्याशिवाय कोरडी करू नये. उत्तरेकडे हे सोपं पडतं. मुंबई-अलिबागकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. मालवणकडे तो साधारण निम्माच, त्यामुळे तरंगायला दीड-पावणेदोन मीटर खोल पाणी लागणारी बोट तिथे पुरती कोरडी होईलच असं नाही. भरतीवर जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला तळाचं काम करायचं, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे वाघोटणच्या खाडीकाठी खडकात कोरलेली मराठा आरमाराची गोदी याच हिशोबावर चालत असे. जाणं झालं तर मुद्दाम ओहोटीला जाऊन पाहा.

पण ओहोटी तुम्हाला चार-पाच तासच देते. तेवढ्यात तपासणी होते. सुकाणू उतरवून बुश बदलणं तेवढ्यात उरकायचा हट्ट धरू नये.

सुकाणू खाली उतरवताना काय सांभाळायचं?

दांडा नळीतून पूर्ण निघायला पात्याखाली दांड्याच्या लांबीइतकी मोकळी जागा हवी, म्हणजे मीटरभर तरी. वाळूत खड्डा खणता येतो. जांभ्यावरच्या यार्डात ते जिकिरीचं, तिथे हायड्रा (फिरती क्रेन) बोलावून बोट उंच स्टँडवर बसवलेली बरी. क्रेनला लोंबणाऱ्या बोटीखाली कोणी जाता कामा नये, मग काम दोन मिनिटांचं का असेना. बोट आधी स्टँडवर टेकू द्या, पाचरी ठोका, मगच खाली शिरा.

बऱ्याच बोटींत सुकाणू वरच्या कॉलरवर किंवा टिलरच्या डोक्यावरच लटकलेलं असतं. ती कॉलर सोडली की पातं सरळ खाली येतं. आधी पात्याखाली ठोकळे लावा, दांड्याच्या वरच्या भोकातून दोर ओवून वर बांधा, आणि मग बोल्टला हात लावा. ३५ फुटी बोटीचं सुकाणू पायावर पडलं तर पाय जातो. ऑटोपायलटचा हात, क्वाड्रंट आणि तारा आधी सोडून घ्या. दांड्यावर क्वाड्रंटची जागा मार्करने आखून ठेवली की परत बसवताना डोकं खाजवावं लागत नाही.

लेथवाला म्हणतो, नायलॉनचा बुश करून देतो. करू का?

नको. मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीतला लेथवाला तुम्हाला फसवत नाहीये. त्याच्याकडे नायलॉनचा रॉड पडलेला असतो आणि कोरड्या मशीनमध्ये तो उत्तम चालतो. पण नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. बाहेरून नळीने आवळलेला बुश फुगणार कुठे? आतल्या बाजूला. बसवताना हलकं फिरणारं सुकाणू काही आठवड्यांनी असं जाम होतं की टिलरला दोन्ही हात लावावे लागतात. मग ते मोकळं करायला कुणीतरी बुश आतून कोरतो आणि पुढच्या मे महिन्यात, बोट वर सुकल्यावर, तोच बुश पुन्हा ढिला निघतो.

डेलरिन हे कडक प्लास्टिक घ्या. पाण्याने त्याच्यात फार कमी फरक पडतो, लेथवर ते छान कापलं जातं आणि मुंबईत प्लास्टिक रॉडच्या व्यापाऱ्यांकडे सहज मिळतं. यूएचएमडब्ल्यू नावाचं पॉलिथिन पाणी जवळजवळ घेतच नाही आणि घसरतंही सुरेख, पण मऊ असल्याने बारीक माप धरायला लेथवाल्याला कटकट होते. दांडा स्टेनलेसचा किंवा पितळी असेल आणि मुळातच गन मेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश असेल, तर तसाच परत करायला हरकत नाही. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर गन मेटल चुकूनही नको. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जाईल.

मापाबद्दल माझा शिरस्ता असा. दांडा व्हर्निअरने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा, कारण झिजलेला दांडा गोल नसतो. ५० मिलिमीटरच्या दांड्याला डेलरिनच्या बुशात बसवल्यानंतर पाव मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवायची. 'बसवल्यानंतर' हा शब्द लेथवाल्याला दोनदा सांगा. नळीत घट्ट दाबून बसवलेला बुश आतून थोडा आवळतो आणि टेबलावर बरोबर असलेलं माप बोटीत चुकतं.

जुना बुश काढायला हॅकसॉचं पातं आत घालून त्याला उभी चीर द्या. नळीला न लागता जवळजवळ आरपार गेलात की बुश स्क्रू-ड्रायव्हरने आत मिटतो आणि हातात येतो. हातोडीने ठोकत बसू नका, नळीचा सांधा हलतो. नवा बसवायला बर्फासारखं साधन नाही आणि आपल्याकडे प्रत्येक मासळी जेट्टीवर बर्फ आहे. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला पाटीभर चुरा मागा, त्यात मीठ टाका आणि बुश पिशवीत घालून दोन-तीन तास पुरून ठेवा. बाहेरून ६५ मिलिमीटरचा डेलरिनचा बुश एवढ्या थंडीत सुमारे ०.२ मिलिमीटर आकसतो. बाहेर काढला, पुसला, लगेच नळीत सरकवला की तो हाताने जातो. मिनिटभरात फुलून पकडतो, म्हणून सरळ धरून एका दमात सारा.

जागेवरच इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) ओतून बुश करतात, ते टिकतं का?

टिकतं आणि लेथ जवळ नसेल तिथे फार उपयोगी पडतं. दांडा साफ करून त्याला मोल्डला लावतात ते मेण तीन-चार वेळा चढवायचं आणि प्रत्येक थर कोरड्या फडक्याने चोळायचा. दांडा नळीत घालून पाचरींनी बरोबर मधोमध धरायचा, खालची फट मातीने किंवा मेणाने बुजवायची. इपॉक्सीत सिलिका आणि ग्रॅफाइट पावडर कालवून, श्रीखंडाहून जरा पातळ झालं की जाड सिरिंजने खालून वर भरत यायचं, म्हणजे हवा अडकत नाही. घट्ट झालं की दांड्याला झटका द्यायचा. मेण नीट लागलं असेल तर तो सुटतो आणि मेणाच्या थराइतकीच मोकळीक उरते. नळीच्या आत मात्र मेणाचा डागही नको. तिथे खरखरीत पॉलिश पेपरने घासून इपॉक्सीला पकड द्यावी लागते.

कोकणात दोन गोष्टी आड येतात. मे महिन्याच्या दुपारी इपॉक्सी फार लवकर पकडते. दर १० अंशांना वेळ साधारण निम्मा होतो आणि कपात जास्त कालवलं तर ते कपातच तापून उकळतं. पहाटे करा, थोडं थोडं कालवा. दुसरी गोष्ट दमट हवा. पावसात केलेल्या थरावर तेलकट, चिकट साय येते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन, घासल्याशिवाय पुढचा थर देऊ नका.

होड्यांच्या कामातलं साधं पॉलिएस्टर रेझिन यासाठी वापरू नये. ते घट्ट होताना आकसतं.

बुश ठीक आहे, दांडाच झिजलाय. वेल्डिंगने भरून घेऊ?

शक्यतो नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने दांडा वाकतो, आणि स्टेनलेसवर त्या जागेला नंतर गंज लागायची शक्यता वाढते. झीज कमी असेल तर लेथवर हलका हात फिरवून दांडा पुन्हा गोल करा आणि बुश त्या मापाचा करा. खोल खाच असेल तर स्टेनलेसची पातळ बाही चढवता येते. पण आधी दांडा बुशाच्या जागी पुसून नीट बघा. तपकिरी डाग आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर स्टेनलेस आतून खाल्लं जातंय. जिथे पाणी साचतं आणि हवा पोचत नाही तिथे हे होतं. अशा दांड्याला भिंग लावून भेग शोधा, डाय (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) टाकून तपासून घ्या. भेग असेल तर नवा दांडा, दुसरा इलाज नाही.

पातं दांड्यावर फिरतंय असं निघालं. पुढे?

त्या बोटीने समुद्रात जायचं नाही. पातं एका बाजूने कापून उघडायचं, ओला फोम काढून टाकायचा, आतल्या पट्ट्या पुन्हा वेल्ड करून पातं इपॉक्सीने बंद करायचं. पात्याच्या खालच्या कडेला बारीक भोक पाडल्यावर तपकिरी पाणी गळलं, तर आत काय चाललंय याचा अंदाज तेवढ्यानेच येतो.

नळीच्या मुळाशी पाणी झिरपतंय. सीलंट भरून हंगाम निघेल का?

या प्रश्नाला मी कळवळून नाही म्हणतो. सीलंट पाणी थांबवतो, हालचाल थांबवत नाही. बाहेरून सगळं कोरडं दिसत राहतं, आत भेग वाढत जाते आणि नळी तुटली तर तळाला मनगटाएवढं नव्हे, दांड्यासकट नळी जाईल एवढं भोक पडतं. जुनं फायबर भेगेच्या पलीकडे, चांगला भाग लागेपर्यंत ग्राइंडरने उतरतं करत न्या. जाडीच्या बारापट लांबीचा उतार धरा. मग काचेचं कापड आणि इपॉक्सीचे थर तळावर आणि नळीवर चढवा आणि नळीला चारही बाजूंनी आधाराच्या फळ्या द्या. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी उभं करा.

ग्रीस भरून आवाज जातो. तेवढं पुरे का?

आवाज जातो, ढिलाई राहते. शिवाय खाडीतली वाळू ग्रीसला चिकटून बसते. प्लास्टिकच्या बुशाला ग्रीसची गरज नसते. ग्लँडच्या (दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या जोडाच्या) दोरीला लागतं, ते तिथेच द्या.

आमची लाकडी होडी आहे, सुकाण मागे बिजागरीवर. तिला यातलं काय लागू?

फार थोडं, आणि ते तुमचं भाग्य. पिना आणि कड्या झिजल्या की सुकाण उचलून घरी नेता येतं, कडीत नवा बुश बसवता येतो. कड्यांचे बोल्ट लाकडात सैल झालेत का, तेवढं पाहा. लाकूड कुजलं असेल तर मोठा बोल्ट घालून भागत नाही. गावातल्या तांडेलकाकांना एकदा दाखवा. कुठलं लाकूड किती टिकेल हे ते नखाने टोचून सांगतात.

समुद्रात असतानाच ढिलाई अचानक वाढली तर?

आधी शिडं कमी करा. सुकाणूवरचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा केला की भार चौथाई होतो. मोठं शीड उतरवून पुढचं थोडं ठेवलं तर बोट सुकाणूशी कमी झगडते. मग आत जाऊन नळीच्या मुळाशी हात लावा. कोरडं असेल आणि फक्त बुश वाजत असेल, तर वरच्या बुशाच्या फटीत प्लास्टिकच्या बाटलीची कापलेली पट्टी गुंडाळून सारता येते. तेवढ्याने आपटणं कमी होतं. पाणी येत असेल तर पंप चालू करा, व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर कळवा, किंवा मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावा. बोट बुडायची वाट पाहून मग कळवायचं नसतं.

आसऱ्याला जयगड किंवा विजयदुर्ग गाठायचा प्रयत्न करा. तोंडावर वाळूची दांडी असलेल्या खाडीत, ओहोटीच्या वेळी, अर्ध्या सुकाणूने शिरू नका. बाहेर लाटेत थांबणं त्रासाचं असतं, पण दांडीवर बोट आडवी पडली तर हातात काहीच उरत नाही. इमर्जन्सी टिलर कुठे आहे आणि तो खरंच बसतो का, हे धक्क्यावर असतानाच बघून ठेवा. कित्येक बोटींत तो बसवला की मागची रेलिंग आड येते.

काम कधी काढावं?

एप्रिलच्या सुरुवातीला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटी सगळ्या बंदरांतल्या बोटी एकदम वर येतात आणि हायड्रा, लेथवाला, फायबरवाला यांपैकी कोणी मोकळं सापडत नाही. ती वेळ चुकलीच तर बोट वर घ्या, सुकाणू उतरवा, दांडा आणि पातं घरात आणून सावकाश वाळू द्या. धातूचं आणि लेथचं काम पावसाळ्यात निवांत होतं. इपॉक्सीचं काम नारळी पौर्णिमेनंतर, ऊन पडू लागलं की करा.

टोक ५-६ मिलिमीटर हलतं, बाकी सगळं कोरडं आणि घट्ट आहे. यंदाचा हंगाम काढू का?

काढा, पण किनारा धरून. दिवसाउजेडी, एका खाडीतून दुसऱ्या खाडीत. दुपारचा वायव्येचा वारा चढायच्या आत आत शिरता येईल अशा बेताने निघा. नांगरावर टिलर बांधून ठेवा. दर पंधरा दिवसांनी लॉकरमध्ये उतरून नळीच्या मुळाशी कोरडा टिश्यू फिरवा. तो ओला निघाला तर त्याच दिवशी बोट वर. गोव्याच्या पलीकडे किंवा रात्रभराच्या प्रवासाला जायचं असेल, तर आधी बुश बदलून घ्या.